बाबांच्या वतीनं यंत्र बोललं, तर ते बोलणं कोणाचं?

पांदणवाट (धागाकर्ता)

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, पण हे कुठंतरी बोलायलाच हवं होतं.

आमचं गाव दारव्ह्याकडचं. बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी तूर सोंगायच्या दिवसांत सकाळी ओट्यावर दात घासता घासता खाली बसले आणि उजवं अंग गेलं. आता काठी टेकत न्हाणीपर्यंत जातात, डाव्या हातानं जेवतात. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. पाणी हवं असो, वासरू सुटलेलं असो, पोट दुखत असो, तोंडातून एकच शब्द येतो. "असंच." कधी हळू, कधी चिडून, कधी डोळ्यांत पाणी आणून. "असंच, असंच."

आणि संध्याकाळी देवळात खंजिरी वाजली की हाच माणूस ओट्यावर बसून अख्खं भजन म्हणतो. शब्द चुकत नाही, चाल चुकत नाही. भजन संपलं की पुन्हा "असंच". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई हातातलं पातेलं तसंच टाकून बाहेर धावत आली होती. तिला वाटलं, वाचा परत आली.

मागच्या महिन्यात वावराच्या वाटणीचा विषय निघाला. साडेसात एकर, विहीर एका कडेला, त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय यावरून बोलणं वाढलं. कागद बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "असंच." आई म्हणते, ते हो म्हणाले. दादा म्हणतो, मान पाहिली नाहीस का, ते नाही म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होतो आणि मला काहीच कळलं नाही. नंतर कचेरीत गेलो, तर तिथल्या माणसानं बाबांकडे न पाहता मला विचारलं, "यांना समजते का?" बाबा समोरच बसले होते.

त्या रात्री झोप लागेना, मोबाईलवर वाचत बसलो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जातो तो आजार) झालेल्या एका माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड (मेंदूतले विजेचे संकेत टिपणारी बारीक टोकं) बसवले आहेत. २०२४ साली त्याचा शोधनिबंध आला. आजारानं त्या माणसाचं बोलणं घरच्यांनाही मुश्किलीनं कळायचं. तो बोलायचा प्रयत्न करतो, संगणक मेंदूतले संकेत पकडून शब्द पडद्यावर लिहितो, आणि आजारापूर्वीच्या त्याच्याच आवाजासारख्या आवाजात वाचून दाखवतो. सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातून शंभरातले ९७ शब्द बरोबर.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते असं, की उद्या बाबांच्या डोक्याला असं यंत्र जोडलं आणि ते "हो" म्हणालं, तर ते "हो" बाबांचं धरायचं का? आईनं लावलेल्या अर्थापेक्षा ते जास्त खरं कसं? आणि भजनातले शब्द तरी कोणाचे, बाबांचे की सवयीचे? तुम्हाला काय वाटतं ते सांगा. माझ्यासाठी हा नुसत्या चर्चेचा विषय राहिलेला नाही.

नागझिरा

मी वाचा-उपचार करते, मूळची गोंदियाची. तुमच्या बाबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे जपूनच लिहिते.

तुम्ही सांगता ती लक्षणं वाचाघाताची, म्हणजे मेंदूच्या इजेनं भाषा हरवण्याची, वाटतात. उजवं अंग जातं तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेली असते, आणि बहुतेकांची भाषा तिथंच असते. एकच शब्द पुन्हा पुन्हा येणं आणि गाणं, पाढे, प्रार्थना मात्र सलग येणं, हे अशा रुग्णांत नेहमी दिसतं. चालीवर पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं. त्यात मेंदूची उजवी बाजूही भाग घेते. म्हणून भजन येतं, पाणी मागता येत नाही.

डेव्हिसच्या त्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याची भाषा शाबूत आहे, फक्त ओठ-जीभ-जबडा हुकूम ऐकत नाहीत. यंत्र वाचतं ते हे हुकूम. तुमच्या बाबांची अडचण त्याच्याही आधीच्या टप्प्यावर, शब्द सापडण्यातच असावी. त्यामुळे आजच्या घडीला हे यंत्र त्यांच्या कामाचं नाही. वाईट वाटेल, पण खोटी आशा लावणार नाही.

एक करून पाहा. कोणताही प्रश्न एकदाच विचारू नका. "विहीर दादाच्या वाट्याला द्यायची?" विचारलं, की थोड्या वेळानं, मधे दुसरं काही बोलून झाल्यावर, "विहीर धाकट्याकडे ठेवायची?" असं उलटं विचारा. दोन्हीला "हो" आलं तर ते "हो" धरू नका. तोंडी उत्तराऐवजी पुठ्ठ्याचे दोन तुकडे द्या, एकावर बरोबरची खूण, दुसऱ्यावर फुली. शक्य तर तिसराही करा, "तुम्ही म्हणता तसं नाही" असा. हा तिसरा घरोघरी विसरतात.

तिफन

दादा, वाचून जीव गलबलला. मी काई लय शिकेल नाही, पण एक सांगतो.

चाळीस वर्षं वखर धरला. रुमण्यावर हात असला की खाली पास गोट्याले घासली, कुठं ओल संपली, कुठं हराळीचं मूळ आलं, सारं समजे. हात तं वर लाकडावर अन् पास जमिनीत. मंग समजे कोठं? मले तं पाशीच्या टोकाले समजते असंच वाटे. नव्या पोट्ट्याच्या हातात रुमणं देलं की त्याले काईच समजत नाही, त्याच्यासाठी ते लाकूडच राह्यते. एखाद-दोन हंगाम जाऊ द्या लागते.

म्हणून मले वाटते, यंत्र डोक्यात हाय का डोक्याबाहेर, ह्याच्यानं फरक पडत नाही. ज्याचं त्याले ते आपल्या हातासारखं वाटलं, तं ते त्याचंच. त्याच्यातून निंगालेलं बोलणं बी त्याचंच.

काळी_माती

तिफनकाका, तुम्ही जे लिहिलंत त्यावर अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी १९९८ साली निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की मन कवटीत संपत नाही. विसरभोळा माणूस भरवशानं वही वापरत असेल, तर ती वही त्याच्या स्मरणाचा भागच आहे. तुमची वखराची पास मला त्या वहीपेक्षा जास्त पटली.

मी पुसदचा, सध्या पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि याच विषयावर प्रोजेक्ट करतोय, म्हणून थोडं लिहितो. मेंदू आणि संगणक जोडायची कल्पना जुनी आहे. जाक विदाल यांनी तिला १९७३ साली नाव दिलं. २००४ मध्ये मॅथ्यू नेगल या मानेखाली लुळ्या झालेल्या तरुणानं ९६ इलेक्ट्रोडच्या चकतीवर पडद्यावरचा बाण नुसत्या विचारानं हलवला. २०१२ साली जगानं पाहिलं, की पक्षाघातानं १५ वर्षं हात न हललेल्या बाईनं यंत्राच्या हातानं बाटली तोंडाशी नेली आणि स्वतः कॉफी प्यायली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून मी या विषयात आलो. २०२१ मध्ये मनातल्या मनात अक्षरं गिरवून मिनिटाला ९० अक्षरं लिहिली गेली. न्यूरालिंक या कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात १,०२४ इलेक्ट्रोड बसवले.

पण पांदणवाटदादांचा प्रश्न या आकड्यांच्या पलीकडचा आहे, आणि मला त्याची काळजी वेगळ्या कारणानं वाटते. यंत्राला मेंदूतून स्वच्छ शब्द मिळत नाहीत. मिळतात अंदाजे ध्वनी. 'व' असेल, 'आ' असेल, 'ब'सुद्धा असू शकेल. मग भाषेचं मॉडेल ठरवतं, की या ध्वनींतून कोणता शब्द होण्याची शक्यता जास्त. ही निवड ते करतं आपण लिहिलेल्या मजकुरावरून. आता माझा आजा मनात मांडतोय "मले वावरात जायचं हाय", आणि मॉडेल वाढलंय पुस्तकी मराठीवर. पडद्यावर येईल, "मला आवारात जायचं आहे." वाक्य शुद्ध, व्याकरण बरोबर. आजाला घेऊन जाल अंगणात. तो चिडेल आणि आपण म्हणू, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

सगळ्यात संभाव्य शब्द म्हणजे बहुतेक लोक बोलतील तो शब्द. पण माणूस जेव्हा काहीतरी महत्त्वाचं बोलतो, तेव्हा तो बऱ्याचदा बहुतेकांसारखं बोलत नाही. स्टॅनफर्डच्या २०२३ च्या प्रयोगात सव्वा लाखाच्या शब्दसाठ्यात साधारण चार शब्दांमागे एक चुकत होता, डेव्हिसला ते खूप सुधारलं. पण हे सगळं इंग्रजीत. वऱ्हाडीचं मॉडेल कोण करणार?

मृगधारा

क्षमा करा, पण मला हा धागा वाचून राग आला.

आपल्याकडे लकवा मारला की रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन. गावातून गाडी मिळणार कधी, तालुक्याहून जिल्ह्याला पाठवणार कधी? माझ्या सासऱ्यांना आम्ही दुपारी नेलं, स्कॅन झाला रात्री. ज्या मुलखात हे होत नाही, तिथं मेंदूतल्या इलेक्ट्रोडवर तत्त्वज्ञान सांगायचं? आधी ती गाडी वेळेवर येऊ द्या.

पांदणवाट

ताई, राग बरोबर आहे. बाबांना घेऊन पोचलो तेव्हा सहा तास होऊन गेले होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते पाहणं मी विसरणार नाही. गाडीसाठी भांडायचंच आहे.

पण गाडी वेळेवर न आल्यामुळे बाबा आता जसे आहेत तसे आमच्या घरात आहेत, आणि रोज त्यांच्या वतीनं कोणीतरी बोलतं. म्हणून प्रश्न माझ्या घरात आधीच शिरलाय. यंत्र नाही म्हणून तो यायचा थांबला नाही.

रेणुका_अकोला

मी वकिली करते. इथं लिहायचं नव्हतं, पण "यांना समजते का" हे वाक्य वाचल्यावर राहवलं नाही.

आधी कामाचं. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम १३ सांगतं, की अपंगत्व आहे म्हणून कोणाची कायदेशीर क्षमता कमी होत नाही. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे, पण तिथंही निर्णय त्या व्यक्तीच्या सोबतीनं, तिच्या इच्छेला धरून घ्यायचा आहे. म्हणजे प्रश्न तुमच्या बाबांनाच विचारायला हवा होता. बोलता न येणाऱ्यानं खुणेनं साक्ष दिली तर न्यायालय ती मानतं. हे आजचं नाही, पुराव्याच्या जुन्या कायद्यातही होतं.

आता मूळ विषय. मेंदू "वाचून" त्यावर माणसाचं बोलणं ठरवायचा प्रकार आपल्या राज्यात होऊन गेलाय. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात शिक्षा देताना मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीचा आधार घेतला होता. या तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावतात आणि "मी अमुक ठिकाणी गेले", "मी अमुक वस्तू विकत घेतली" अशी वाक्यं ऐकवतात. ऐकणारा काही बोलत नाही. वाक्यं तपासणाऱ्यानं लिहिलेली, आणि लहरी उमटल्या तर ती आरोपीच्या अनुभवातली धरायची. पुढे ५ मे २०१० ला सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी तपासणी संमतीशिवाय करता येणार नाही. घटनेच्या कलम २०(३) नुसार स्वतःविरुद्ध बोलायला कोणाला भाग पाडता येत नाही, आणि तोंड न उघडताही माणसाकडून बोलवून घेता येतं, हे न्यायालयानं ओळखलं. चिलीनं तर २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं.

मला सारखं वाटतं, की त्या खटल्यातली "मी" नं सुरू होणारी वाक्यं आणि तुमच्या आईनं लावलेला "हो" यांची बैठक एकच आहे. एक संशयानं, दुसरा मायेनं, पण वाक्य दुसऱ्याचं आणि सही गप्प बसलेल्याची. आपल्या भागात सावकाराच्या कागदावर अंगठे कसे उमटले, हे आपल्या आजोबांना विचारा. अंगठा खराच होता. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

शाळा_चौथी_खोली

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. रेणुकाताईंच्या मुद्द्यावरून १९६३ सालचा एक प्रयोग आठवला. स्पेनमध्ये कोर्दोबाजवळ होझे डेलगादो नावाचा शास्त्रज्ञ अंगावर येणाऱ्या बैलासमोर हातात रेडिओचा डबा घेऊन उभा राहिला. बैलाच्या मेंदूत तार होती. बटण दाबलं आणि बैल थांबला. बैलाचा राग काबूत आणला, असा त्याचा गाजावाजा झाला. नंतर काही शास्त्रज्ञ म्हणाले, राग तसाच होता, त्या विजेनं बैल नुसता एका अंगाला वळला.

आपल्या घरी बैल असतो त्याला येसण असते. येसण ओढली की बैलाला नाकात कळतं. तो मान टाकतो, अडून राहतो, कधी बसकण मारतो. कोण ओढतंय, हे त्याला ठाऊक असतं. पोळ्याच्या दिवशी आपण त्याच्या खांद्यांना तूप-हळद लावून माफी मागतो, ती यासाठीच की ओढणारे आपण होतो. कोर्दोबाच्या त्या बैलाला ओढ कुठून आली हे कळायला जागाच नव्हती. थांबणं त्याला स्वतःचंच वाटलं असेल का?

कंपवातासाठी मेंदूत तार घालून वीज देतात. ग्रेनोबलच्या बेनाबिद यांनी १९८७ पासून ही पद्धत रुळवली, आणि हजारो लोकांचे थरथरणारे हात त्यामुळे स्थिर झाले. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण काही रुग्णांचे स्वभाव बदलल्याच्याही नोंदी आहेत. घरचे म्हणतात, हा आमचा माणूस नाही. तो म्हणतो, मला बरं वाटतंय. तिफनकाका म्हणतात, ज्याला आपलं वाटलं ते त्याचं. मला इथंच अडतं. आपलं वाटणंच जर तारेतून येत असेल तर?

तिफन

गुरुजी, ह्याच्यावर माह्यापाशी उत्तर नाही. वखरानं मले कधी उलटं काई सांगतलं नाही, ते खरं. मी त्याले चालवे. त्यानं मले नाही.

आरुची_आई

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हे माझ्या घरातलं आहे.

माझी मुलगी जन्मतः बहिरी. साडेतीन वर्षांची असताना सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं. आत, कानाच्या शंखात, इलेक्ट्रोडची बारीक तार, आणि बाहेर कानामागं मशीन. मेंदूत नाही, पण तिच्या नसेला थेट विजेनं बोलतं. पहिल्या दिवशी चालू केलं तेव्हा ती रडली. दीड वर्षानं "आई" म्हणाली.

मागच्या पावसाळ्यात बाहेरचं मशीन टाकीत पडलं. दुरुस्तीला दिलं तर सांगितलं, हे मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या. किंमत ऐकून यांनी फोन खाली ठेवला. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तिनं शाळेत बोलणं सोडलं. ती कधीच "मशीन बंद पडली" असं म्हणाली नाही. कानाला हात लावून म्हणायची, "आई, मी बंद पडली."

शेवटी बचतगटातून कर्ज काढून जुनं घेतलं. चालू केल्यावर पहिलं काय ऐकलं विचारलं, तर म्हणाली, पत्र्यावरचा पाऊस.

यंत्र आपलं की परकं हे मला सांगता येणार नाही. पण दुकानदार तिच्या कानाला वस्तू म्हणतो, वॉरंटी संपली म्हणतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

काळी_माती

ताई, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

ऑस्ट्रेलियात रीटा लेगेट नावाच्या बाईंना अपस्माराचे झटके यायचे. मेंदूत बसवलेलं यंत्र झटका येणार असला की आधी सूचना द्यायचं. त्या घराबाहेर पडू लागल्या, त्यांना भरवसा आला, आणि हे यंत्र म्हणजे मीच असं त्यांना वाटू लागलं. कंपनीचे पैसे संपले आणि यंत्र काढायची वेळ आली. त्यांनी घर गहाण ठेवून ते विकत घ्यायची तयारी दाखवली. तरी काढावंच लागलं. सेकंड साईट कंपनीनं डोळ्यांच्या पडद्यावर बसवलेल्या कृत्रिम दृष्टीच्या यंत्रांचंही तेच. उत्पादन थांबलं आणि साडेतीनशेवर माणसांच्या डोळ्यांत बिनवारस यंत्रं राहिली.

आणखी एक. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२५ मध्ये दाखवलं, की बोलायचा प्रयत्नही न करता, नुसतं मनात म्हटलेलं काही प्रमाणात वाचता येतं. मनात मोजलेले आकडेही थोडेफार सापडले. म्हणून त्यांनी मनातली किल्ली ठेवली. ठरलेला शब्द माणसानं मनात म्हटला तरच यंत्र ऐकायला लागेल. मला हे फार मोलाचं वाटलं. डेव्हिसच्या प्रयोगातही वाक्य बरोबर आलं की नाही, हे तो माणूस नजरेनं पडद्यावरचं बटण निवडून सांगतो. नागझिराताईंचा तिसरा पुठ्ठा तो हाच.

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही, कारण पुठ्ठे करत होतो.

सुरुवातीला दोनच केले, बरोबर आणि फुली. बाबांनी जेवण, औषध, उन्हात बसायचं की नाही, याची उत्तरं नीट दिली. उलटा प्रश्न विचारला तरी जुळत होती. मला वाटलं, आता वाटणीचं विचारू. आई, दादा, मी, सगळे बसलो. कागद वाचला. बाबांनी दोन्ही पुठ्ठे उचलले आणि आईच्या मांडीवर ठेवले.

आई म्हणाली, माझ्यावर सोपवलं. दादा म्हणाला, मला विचारू नका म्हणतात. मला वाटलं, तुझ्या नावावर कर म्हणत असतील. तिघांनी तीन अर्थ लावले आणि ते आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहत होते. तेव्हा काळी_मातीचं मॉडेल मला आमच्या ओट्यावरच बसलेलं दिसलं. जे आपल्याला सोयीचं, तेच संभाव्य.

तिसरा पुठ्ठा काल केला. त्यावर काय काढावं सुचेना, मग नुसती आडवी रेघ मारली आणि समजावलं, "आम्ही चुकीचं समजलो तर हा." संध्याकाळी देवळात भजन सुरू झालं, बाबा नेहमीसारखे म्हणू लागले. आई आत जाता जाता सवयीनं बोलली, "देवाचं नाव घेतलं की यांना बरं वाटते." बाबा मधेच थांबले. डाव्या हातानं चाचपून आडव्या रेघेचा पुठ्ठा उचलला आणि आईला दाखवला.

आई उंबऱ्यात उभी राहिली. मग परत आली, त्यांच्याजवळ बसली आणि विचारलं, "मंग कसं वाटते?" पुठ्ठा तसाच वर धरलेला. ती एकेक विचारत गेली. दुखते का, आठवण येते का, कोणाची, राग येते का. एकदा बरोबरची खूण आली, ती "राग"ला. पुढे कशाचा, ते विचारता विचारता अंधार पडला. अजून सापडलेलं नाही. वाटणीचा कागद कपाटात ठेवलाय.

नागझिराताई, पुठ्ठ्यांची संख्या वाढवायची असेल तर पुढचा कोणता करू?

नागझिरा

आधी रागाचंच शोधा. घरातली माणसं, वावर, विहीर, दवाखाना, कचेरी यांचे फोटो मोबाईलवर काढा आणि एकेक दाखवा. एका वेळी चारच. त्यांना थकवा आला की थांबायचं, तेही त्यांनीच सांगू द्या. आणि फोटोंमध्ये तुमचा स्वतःचाही ठेवा.